देवचाराच्या वळणावरचा दावा

सुगंधानं गुरुदासला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती त्याच्या मनगटाला कडकडून चावत होती.

प्रेमाची सुरुवात अशी कुठं असते का, असं कुणीही विचारील. पण या दोघांची झाली ती अशीच. एकोणीसशे साठ-एकसष्टचा सुमार, श्रावणातली दुपार. एक सर नुकतीच सांडून गेली होती, काजूच्या पानांवरून अजून थेंब ठिबकत होते, आणि आचऱ्याच्या वेशीबाहेर, देवचाराच्या वळणावर, दोन मोटारी तोंडाला तोंड भिडवून उभ्या होत्या. एक भिकाजीमामांची जुनी हिरवी मोटार आणि दुसरी गुरुदासची काळी टॅक्सी. हिरव्या मोटारीचा पत्रा चेपून आत आला होता आणि त्याखाली सुगंधाचा डावा पाय अडकला होता.

“वायच सोस गो... एकदाच वडतंय,” कुणीतरी अगदी कानाशी म्हणत होतं. “बोंब मार व्हया तर. हंय कोण हसूचा नाय.”

तिनं बोंब मारली नाही. तोंडासमोर जे आलं ते दातांत धरलं आणि डोळे मिटून घेतले. पाय सुटला, डोळे उघडले, तेव्हा कळलं की दातांत एका तरण्या माणसाचं मनगट आहे. तो माणूस भीतीनं पांढराफटक पडला होता, कपाळावरून पाणी गळत होतं — पावसाचं की घामाचं कोण जाणे — आणि तरीही हसायचा प्रयत्न करत होता.

“दात घट आसत हां तुझे,” तो म्हणाला.

एवढंच. पुढं तिची शुद्ध हरपली. चेपलेल्या टॅक्सीतून त्यानंच तिला मालवणला डॉक्टरकडं पोचवलं, हे तिला मागाहून आईनं सांगितलं.

पाय सांधायला चार महिने लागले, आणि सांधला तो बोटभर तोकडाच. पण पायापेक्षा वाईट होती ती मनात बसलेली भीती. लांबून मोटारीची घरघर ऐकू आली की सुगंधाच्या हातातलं काम गळून पडायचं. परसात असली तर ती माडाच्या बुंध्याला धरून उभी राहायची आणि मोटार पार निघून जाईपर्यंत श्वास घ्यायची नाही. मोटारीत बसणं तर सोडाच.

सुगंधाचे वडील ती लहान असतानाच गेले होते. तेव्हापासून ती आणि तिची आई सुभद्रा मामांच्या घरी राहत होत्या. मामांची भाताची गिरण होती, घरात मूलबाळ नव्हतं, आणि भाचीवर त्यांचा फार जीव. ती लंगडत चालताना दिसली की ते तोंड फिरवायचे. एक दिवस ते मालवणला जाऊन वकिलाला भेटून आले.

“जेना माझ्या चेडवाचो पाय मोडल्यान, तेना भरपाय देवक व्हयी,” त्यांनी घरात जाहीर केलं. “मी दावो लावलंय. सुगंधाच्या नावान.”

सुगंधा उठून परसात निघून गेली. कारण तिचा पाय कुणी मोडला, ते तिला माहीत होतं.

देवचार म्हणजे वेशीचा राखणदार. वळणावर आंब्याखाली त्याचा शेंदरी धोंडा आहे आणि तिथून जाताना हात जोडल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. मामा तर नाहीच नाही. त्यांच्यासमोर देवचाराचं नुसतं नाव निघालं तरी हातातलं टाकून ते दोन्ही हात जोडायचे. जेवताना निघालं तर भाताचे हात जोडायचे. सारा जन्म त्यांनी बैलगाडी हाकलेली. वळण आलं की कासरा मांडीखाली दाबायचा, हात जोडायचे, डोळे मिटायचे. बैल आपले वळण घेऊन पुढं चालत. बैलांना रस्ता ठाऊक असतो. पण पन्नाशी उलटल्यावर मामांनी मोटार घेतली, आणि मोटारीला रस्ता ठाऊक नसतो, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्या दुपारी सुगंधा त्यांच्या शेजारीच बसली होती. वळण आलं. समोरून भोंगा वाजला — एकदा, मग पुन्हा एकदा. आणि तिनं पाहिलं, मामांचे दोन्ही हात चाकावरून सुटले, कपाळापाशी जुळले. “मामा!” तिच्या ओठांवर आलं होतं. पण लहानपणापासूनची सवय... तिचेही हात जुळले, डोळे मिटले. पुढं फक्त आवाज.

हे ती कुणाला सांगणार? जो भाऊ आईला सांभाळतो, त्याच्यावर बोट दाखवायचं? आणि गावात काय तोंड दाखवायचं — देवचाराला हात जोडले म्हणून अपघात झाला, असं म्हणायचं? ऐकणारा कानांवर हात ठेवील. वकिलानं तिला दोन वाक्यं शिकवली होती. समोरची गाडी भरधाव आली. भोंगा वाजला नाही. ती दोन वाक्यं रोज रात्री तिच्या उशाशी येऊन बसायची.

गुरुदासच्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याची टॅक्सी त्या दिवशी रिकामी होती. तो आचऱ्याच्याच खाडीकाठच्या लांबच्या वाडीतला; म्हाताऱ्या बापाचं गलबत विकून त्यानं ती घेतली होती. दावा अंगावर आला तर टॅक्सी जाणार, लायसन जाणार, आणि पुन्हा चाक कधी हातात येईल ते सांगता येत नव्हतं. सारं सुगंधाच्या जिभेवर होतं.

सव्वा वर्षानं, मार्गशीर्षात, साक्षीची तारीख लागली. नेमकी त्याच दिवसांत गावपळण आली.

दर काही वर्षांनी ग्रामदेव रामेश्वराचा कौल झाला की आख्खं आचरं गाव सोडतं. तीन दिवस, तीन रात्री. माणसं जातात, गुरंढोरं जातात, कोंबड्याकुत्रीसुद्धा जातात. वेशीबाहेरच्या माळांवर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात आणि मागं गावात एक चूल पेटत नाही. का, ते विचारायचं नसतं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन आत शिरायचं. साक्षीची तारीख तिसऱ्या दिवशीची होती. मामांनी वकिलाला विचारून पाहिलं, पण कोर्टाला गावपळण नसते.

खोपींना जागा मिळेल तशी घ्यायची, त्यामुळं मामांच्या खोपीपासून एका काजूच्या झाडापलीकडंच गुरुदासची खोप आली. मामांचा चेहरा आंबट झाला. पण दुसरीकडं सरकायला जागाच नव्हती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सुगंधा कळशी घेऊन व्हाळावर पाण्याला निघाली, आणि पायवाटेच्या कडेला तिला ती दिसली. काळी टॅक्सी. नुसतीच उभी होती बिचारी. पण सुगंधा तिच्या जवळून जाईना. ती मागं वळली आणि पार काट्याकुट्यांतून, लंगडत, लांबचा वळसा घालून व्हाळावर पोचली. परतताना भरली कळशी घेऊन पुन्हा तोच वळसा. खोपीत आली तेव्हा लुगड्याला काटे चिकटले होते आणि निम्मं पाणी सांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा वळसा घालायच्या तयारीनं निघाली, तर काय — टॅक्सी नाहीच! तिच्या जागी झावळ्यांचा एक ढीग उभा होता. टपापासून चाकापर्यंत कुठं एवढासा काळा पत्रा दिसत नव्हता. बाजूला गुरुदास शेवटची झावळ खोचत होता, आणि पलीकडच्या खोपीतून बाबली म्हातारा ओरडत होता, “काय रे गुरुदासा! टॅक्सयेक पण खोप बांदलंस?”

“थंडी वाजता तिका,” गुरुदासनं उत्तर दिलं. मग सुगंधा दिसली, तसा तो गप्प झाला. हात झटकले. वाटेतून दोन पावलं बाजूला झाला.

तिनं त्या ढिगाकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. काल ती काट्यांतून गेली, ते यानं पाहिलं होतं तर...

“कित्याक केल्यात ह्यां?” ती पुटपुटली.

“तुझो पाय दुखता. लांबच्या वाटेन कित्याक जाशीत?” तो म्हणाला. आणि मग मनगट पुढं करून, अगदी गंभीर चेहऱ्यानं: “माझीय दुखापत आसा हां. बघ. वर चार दात, खाली तीन. अजून गेले नाय.”

खरंच होतं. मनगटावर सात बारीक पांढरट खुणा होत्या. सुगंधाचे कान तापले.

“डॉक्टर म्हणालो, कुत्र्यान चावल्यान काय? मी सांगलंय, नाय, बऱ्या घरातल्या चेडवान.”

“शीः! असा सांगल्यात?”

“मगे? खोटा सांगू? आता ह्याचो दावो कोणावर लावूचो, तां तूच सांग.”

तिला हसू फुटलं. सव्वा वर्षात पहिल्यांदाच असं आतून, अचानक. कमरेवरची रिकामी कळशी निसटून दोघांच्या पायांशी गडगडली. “लावा खुशाल,” ती म्हणाली, “पण साक्षीदार खंयसून हाडशात?”

साक्षीदार... शब्द तोंडातून गेला आणि हसू तिथंच विझलं. त्याच्याही चेहऱ्यावरचं गेलं. तो खाली बसला, जमिनीवरची एक काडी उचलून मोडत राहिला.

“एक इचारू?” तो हळूच म्हणाला. “माझ्या काचेर पावसाचा पाणी, माका काय दिसला नाय. तू काय बघलंस, ता सोड. पण कान... तुका भोंगो ऐकाक इलो? मी वाजयलंय असा माका वाटता. दोनदा वाजयलंय. पण सव्वा वर्स सगळे सांगतत, नाय वाजयलंस, नाय वाजयलंस... आता माझा माकाच समजणा नाय. झोपेत ता वळाण येता आनी माझो हात भोंग्यापर्यंत पोचणाच नाय.”

सुगंधा पडलेली कळशी उभी करू लागली.

“तुझो पाय मीच मोडलंय आसतलंय,” तो म्हणाला, “तर कोर्टान काय व्हयी ता करू दे. पण माका एकदा खरा काय ता समजाक व्हया.”

सांग, सांग... तिचं मन आतून धक्के देत होतं. ओठ उघडलेही. तेवढ्यात खोपीतून मामांची हाक आली, “सुगंधा! खंय गेलंस गो?” आणि ती कळशी उचलून पळाली, जितकं त्या पायानं पळता येतं तितकी.

तो सारा दिवस तिनं भीतीत काढला. आधीची भीती मोटारीची होती, आता नवीच. उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ती दोन वाक्यं बोलली, तर हा माणूस जन्मभर स्वतःला गुन्हेगार समजत राहील. आणि नाही बोलली, तर?

“आये,” तिनं भाकरी थापणाऱ्या आईला विचारलं, “मामांच्या घरातून आमका भायर काडल्यानी तर खंय जाव आपण?”

सुभद्रेचा हात थांबला. तिनं लेकीकडं नीट पाहिलं. ती काय समजली, किती समजली, कोण जाणे. “असा कायतरी करू नको गो बाय,” एवढंच म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपली.

तिसऱ्या दिवशी पहाटेच मामांनी बैलगाडी जुंपली. भाची मोटारीत बसत नाही, म्हणून सहा कोस बैलगाडी. असा जीव होता त्यांचा. वळण आलं. कासरा मांडीखाली गेला, दोन्ही हात जुळले, आणि बैल आपले गुपचूप वळण घेऊन पुढं गेले. सुगंधानं मात्र या वेळी डोळे मिटले नाहीत. ती मामांच्या हातांकडं बघत राहिली.

कोर्टात माणसं फार नव्हती, पण तिला ती जत्रेएवढी वाटली. काळ्या कोटातले वकील, उंचावर बसलेले जज्जसाहेब, भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ. शिरस्तेदारानं शपथ सांगितली, ती तिनं त्याच्यामागून म्हटली. ईश्वरासमक्ष खरं सांगेन... पिंजऱ्याचा कठडा तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

“समोरून गाडी आली,” मामांच्या वकिलानं सुरुवात केली. “ती कशी आली, ते साहेबांना सांगा. घाबरू नका.”

समोरची गाडी भरधाव आली. भोंगा वाजला नाही. दोन वाक्यं. म्हटली की सुटका. सुगंधानं मान वर केली. मागच्या बाकापाशी गुरुदास उभा होता. तो तिच्याकडं बघत नव्हता. खाली मान घालून, आपल्याच नकळत, तो मनगटावरच्या त्या सात खुणांवरून अंगठा फिरवत होता.

“भोंगा वाजला होता,” सुगंधा म्हणाली.

वकिलाच्या हातातला कागद थांबला. “काय म्हणालात?”

“वाजला होता. दोनदा. मी ऐकला.” आता ती थांबेना. “ती गाडी हळू होती. तिच्या बाजूनं होती. आमचीच गाडी तिकडं गेली. मामांचे... मामांचे दोन्ही हात सुटले होते चाकावरून. ते हात जोडत होते.”

“कुणाला हात जोडत होते?” जज्जसाहेबांनी विचारलं.

“देवाला. वळणावर आहे. बैलगाडीत जोडतात ना, तसेच. मीही जोडले. मीही डोळे मिटले, साहेब. बैल असते तर काही झालं नसतं...” आणि ती रडायला लागली.

“खोटां!” मामा बाकावरून ताडकन उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. बगलेत छत्री, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात दाव्याचे कागद. “साफ खोटां, सायबानू! मी हात सोडूक नाय! तो वळणावरचो देवचार साक्षी आसा —”

आणि देवचाराचं नाव तोंडून निघताच छत्री खाली पडली, टोपी पडली, कागद साऱ्या फरशीभर झाले. मामांचे दोन्ही हात कपाळापाशी जुळले होते, आणि डोळे मिटलेले होते.

कुणी हसलं नाही.

मामांनी डोळे उघडले. आपल्या जुळलेल्या हातांकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग खाली वाकून एकेक कागद गोळा करू लागले, आणि दोन कागद उचलल्यावर उठायचंच विसरले. निकाल पुढं रीतीप्रमाणं लागायचा तेव्हा लागला, पण दावा संपला तो त्या फरशीवरच.

सुगंधा बाहेर आली तेव्हा बैलगाडी नव्हती. मामा एकटेच निघून गेले होते. ती कोर्टाच्या पायरीवर बसली. सहा कोस, असा पाय, आणि त्या सहा कोसांच्या शेवटी असलेलं घर आपलं राहिलं की नाही तेही ठाऊक नाही. तिला इतकी भीती कधीच वाटली नव्हती, अपघातातसुद्धा.

उन्हं पायरीवरून खाली उतरली, तेव्हा समोर काळी टॅक्सी येऊन थांबली. टपावर झावळीचं एक पान अजून अडकलेलं होतं.

“चल,” गुरुदास म्हणाला.

“मोटारीत? नाय... माका नाय जमूचा.”

“तू ‘थांबा’ म्हण, मी थांबतंय. शंभरदा म्हण. शंभरदा थांबतलंय.”

ती बसली. दार लागलं तसे तिनं डोळे घट्ट मिटले, मग लगेच टक्क उघडले. मिटायचे नाहीत आता. इंजिन सुरू झालं.

“थांबा!”

तो थांबला. इंजिन बंद केलं. तिनं श्वास घेतला, मान हलवली, आणि तो पुन्हा निघाला. पहिल्या मैलात ती नऊ वेळा ‘थांबा’ म्हणाली. दुसऱ्या मैलात सहा वेळा. माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघू लागली, एकानं तर “पेट्रोल सोपला काय रे?” असंही विचारलं. गुरुदास दर वेळी तितक्याच शांतपणे थांबत होता. चौथ्या मैलानंतर तिनं सीटवरची एक मूठ सोडली. बाहेर खाडीवर ऊन चमकत होतं, वारा येत होता. हे सगळं मोटारीतूनही दिसतं, हे ती विसरूनच गेली होती.

मग वळण आलं, आणि ती ओरडली. “थांबा... थांबा!”

पण तो आधीच थांबला होता. वळणावर बैलगाडी सोडलेली होती, बैल गवत खात होते, आणि शेंदरी धोंड्यासमोर भिकाजीमामा मांडी घालून बसले होते. हात गुडघ्यांवर, मोकळे.

सुगंधा लंगडत गेली आणि त्यांच्याजवळ बसली. “मामा...”

“आज हात जोडूक होणत नाय गो,” मामा धोंड्याकडं बघतच म्हणाले. “जल्मात पयल्यांदा. भय वाटता.”

“कोणाचा? तेचा?”

“नाय. माझ्या हातांचा.” त्यांनी तळवे पालथे केले. “ह्याच हातांनी तुझो पाय मोडलंय. माका पयल्या दिसापासून म्हायत होता. तू चलताना माका बघवत नाय होता, म्हणान दुसऱ्याच्या माथ्यार घातलंय. वायट केलंय.”

गुरुदास चार पावलांवर उभा होता. मामांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

“तू भोंगो वाजयलेलंस रे,” ते म्हणाले. “दोनदा. माका बरो ऐकाक इलो होतो.”

गुरुदासनं तोंड फिरवलं आणि आंब्याच्या खोडाला हात टेकून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. सुगंधाला त्याची पाठ तेवढी दिसत होती.

“मामा,” ती म्हणाली, “तुमी हात जोडल्यात तां चुकला नाय. गाडी उभी करूक व्हयी होती, इतक्याच.”

मामांनी रस्त्यावरच्या टॅक्सीकडं पाहिलं. इंजिन बंद होतं. बैलही उभे होते. मग त्यांनी हळूहळू, पहिल्यांदाच शिकल्यासारखे, हात जोडले. शेजारी सुगंधानं जोडले. खोडापासून येऊन गुरुदासनंही जोडले. तिघांपैकी कुणी गाऱ्हाणं घातलं नाही, काही मागितलं नाही.

“आवशीक सांग, माझा पण भात ठेव,” मामा उठता उठता म्हणाले. ती आणि आई अजून त्यांच्याच घरची होती; सुगंधाला इतकं हलकं वाटलं की तिला पुन्हा रडू आलं. मामा बैल जुंपू लागले. “नायतर मीच सांगतंय जावन. तू तेच्या गाडयेतसून ये, बैलगाडयेन पाय हादळता तुझो. आनी तू रे, माझ्या मागसून ये. फुडे काडलंस तर बघ!”

आणि अशी ती वरात निघाली. पुढं बैलगाडी, मागं टॅक्सी, बैलांच्या चालीनं. भोंगा वाजवायची सोयच नव्हती. सूर्य खाली आला होता. लांब माळावर खोपींचे धूर दिसत होते.

“मी दावो लावूचो ठरयलंय,” गुरुदास रस्त्यावर नजर ठेवून म्हणाला.

“आता कोणावर?”

“तुझ्यावर. मनगटाचो.”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “भरपाय काय व्हयी?”

“भरपाय नको. जेना चावल्यान, तेना...” तो अडखळला. इतका वेळ शांत असलेल्या त्या माणसाचे कान लाल झाले होते. “तेना माझ्या घरात येवन रवाचा. जल्मभर. मी घाबरत नाय तुझ्या दातांका.”

सुगंधा पुढच्या बैलगाडीकडं बघत राहिली. एक क्षण, दोन क्षण... त्याची बोटं चाकावर घट्ट झाली. आता भ्यायची पाळी त्याची होती, आणि तिनं त्याला थोडं भिऊ दिलं. मग हात पुढं करून तिनं त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. सातही खुणा हाताला लागल्या.

“कबूल,” ती म्हणाली.

समोर खोपी दिसायला लागल्या. कुणीतरी मामांना हाक मारली. आणखी थोडं अंतर, की माणसं, आई, बाबली म्हाताऱ्याचे प्रश्न.

“थांब!” सुगंधा एकदम म्हणाली.

त्यानं दचकून ब्रेक दाबला. “काय झाला? भय वाटला?”

“नाय,” ती म्हणाली. तिची बोटं अजून त्याच्या मनगटावरच होती. “मामांची गाडी वायच फुडे जाव दे.”